वजनाला साजेसे टायर

काकांच्या घरी गेलं की पहिली पाच मिनिटं ते तुमच्या तोंडाकडे बघत नसत. दार उघडून "या" म्हणत, तुम्ही चपला काढून आत जाईपर्यंत अंग चोरून बाजूला उभे राहत, आणि तुमची पाठ वळली की खाली वाकून तुमची चप्पल उचलत. उलटी करत. खिशातून वाचायचा चष्मा काढून तळ न्याहाळत, त्यात अंगठ्याचं नख रुतवून बघत. मग आत येऊन, नाव-गाव काही न विचारता सांगत, "उजवा गुडघा दाखवून घ्या."

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला म्हणाले, "आपण टाच टेकवतच नाही. कुणी मागे लागलंय का?"

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि माझ्या मागे फक्त परीक्षा लागलेली होती. पण ते मी बोलायच्या आत स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला. "अहो, ती चप्पल आधी सुलटी करा. उलटी राहिली की घरात भांडणं होतात."

"चपलेमुळे होत नाहीत," काका म्हणाले.

"मग कशामुळे होतात?"

"ते सांगितलं तर होतील."

कर्वेनगरात तेव्हा घरांच्या मधे मधे शेतं होती, म्हणजे खरं तर शेतांच्या मधे मधे घरं होती. काकांचं बैठं घर, मागे पेरूची दोन झाडं आणि झाडांच्या पलीकडे पत्र्याची एक लांबलचक शेड. त्या शेडसाठीच मी आणि माझा मित्र सुधीर तिथे गेलो होतो. आम्हाला शर्यतीची गाडी बांधायची होती. काका आमचे घरमालक झाले, म्हणजे शेडमालक झाले, ते असे. भाडं किती, हे विचारायचा मला धीर होत नव्हता. शेवटी सुधीरनेच विचारलं. काकांनी त्याचे बूट उलटे केले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "माणूस चिकाटीचा दिसतो. भाडं नको. पण गाडीच्या टायरला माझ्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही."

आम्ही आनंदाने कबूल केलं. टायरला काय परवानगी लागते, असं आम्हाला वाटलं.

काका पिंपरीकडच्या एका रबराच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते. तीस वर्षं त्यांचं काम एकच. लोकांनी वापरून परत पाठवलेले टायर फाडून बघायचे आणि ते का फाटले हे सांगायचं. निवृत्तीच्या दिवशी कारखान्यात प्रत्येकाला भिंतीवरचं घड्याळ देत. काकांनी ते नाकारलं आणि टायरमध्ये खुपसायचा सुईचा तापमापक मागून घेतला. लांब सुई, वर गोल तबकडी. तो कायम त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असे आणि ते तो कशातही खुपसत. चहात खुपसत, पुरणात खुपसत, उकडलेल्या बटाट्यात खुपसत. एकदा मला ताप आला होता तेव्हा ते सुई पुसत पुसत माझ्या जवळ आले होते. काकूंनी वेळीच त्यांना बाहेर काढलं.

एका लग्नात तर त्यांनी कमालच केली. काकूंच्या माहेरचं कुणाचं तरी लग्न, मंगल कार्यालय भरलेलं, आत अक्षता पडतायत, आणि काका बाहेर वरपक्षाच्या चपलांमध्ये उकिडवे बसून एकेक जोडा उलटा करतायत. राखणदाराने चोर म्हणून त्यांचं मनगट पकडलं. मुलीचे वडील धावत आले. काका शांतपणे म्हणाले, "नवरदेवाचे हे बूट बघा. दोन्ही टाचा सारख्या झिजल्यात. माणूस सरळ आहे. चालू द्या लग्न." अक्षता तोवर पडून गेल्या होत्या. पण त्या घरात पुढे कुठलंही स्थळ आलं की पत्रिकेआधी मुलाचे बूट काकांकडे पाठवावेत का, यावर गंभीरपणे बोलणं होत असे.

आता आमच्या गाडीबद्दल. अपघातात पुढून चेपलेल्या एका छोट्या मोटारीचं इंजिन, लोखंडी नळ्या वेल्डिंग करून बांधलेला सांगाडा आणि त्यात रोवलेली एक खुर्ची, म्हणजे आमची गाडी. तिच्यात जे नव्हतं त्याची यादी मोठी होती. दारं नव्हती, काचा नव्हत्या, छप्पर नव्हतं. गाडी वजनाला इतकी हलकी की आम्ही दोघं आणि एक पेरू खायला आलेला पाहुणा मिळून तिचं एक टोक उचलून ती वळवत असू. ती बांधली सुधीरने. चालवणार होतो मी. माझी निवड कौशल्यावर झाली, असं मी बायकोला आजही सांगतो. खरं कारण असं की माझं वजन तेव्हा अठ्ठेचाळीस किलो होतं.

या अठ्ठेचाळीस किलोंवरून काका-काकूंचं रोज वाजे. काकूंना मी दिसलो की माझ्या बरगड्या दिसत. त्या ताट वाढून आणत. काका ताटातली दुसरी पोळी उचलून परत पाठवत.

"खाऊ द्या हो त्याला. वाऱ्याने उडेल."

"उडू नये म्हणूनच टायर आहेत. त्याला नको, टायरला काय हवं ते विचार."

मी पहिली पोळी खाऊन उठत असे आणि मागच्या दाराने जाऊन दुसरी खात असे. काकांना ते कळत नसेल असं मला वाटे. नंतर कळलं, की ते हिशेबात पन्नास किलोच धरत होते.

काकूंचा गाडीला विरोध नव्हता. त्यांचा विरोध गाडी शेडमध्ये असण्याला होता. त्यांना त्या शेडमध्ये मिरची कांडपाचं यंत्र लावायचं होतं. कर्वेनगर वाढतंय, बायका नोकरीला जातायत, तिखट-मसाला कुणी तरी कांडून द्यायला हवा आणि तो मी देणार, हे त्यांचं म्हणणं. ते चुकीचं नव्हतंच. काकांनी चार वर्षं "बघू" म्हणून काढली होती. आम्ही गाडी घेऊन आल्यावर काकूंचा संयम संपला. एका संध्याकाळी त्या शेडच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"ही गाडी कधी धावणार?"

"दिवाळीनंतर शर्यत आहे," सुधीर म्हणाला.

"धावून काय होणार?"

काका गाडीखालून बोलले. त्यांचे फक्त पाय दिसत होते. "पहिल्या तिघांत येणार."

"आणि नाही आली तर?"

एक पाय दुसऱ्यावर चढला. मग आवाज आला, "तर शेड तुझी."

"किल्लीसकट?"

"किल्लीसकट."

काकू आत गेल्या. सुधीर माझ्याकडे बघायला लागला, मी त्याच्याकडे. शेड गेली तर गाडी ठेवायला आमच्याकडे जागा नव्हती. तो सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर राहायचा आणि माझ्या घरी सायकल ठेवण्यावरून वाद होते. आम्ही हरलो तर गाडी सरळ भंगारात जाणार होती. काका गाडीखालून बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, "आता टायरचं बघू."

आम्ही टायरचं आधीच बघून ठेवलं होतं. कोरेगाव पार्कातले एक मोठे हौशी गृहस्थ जड मोटार घेऊन शर्यतीत उतरत. त्यांनी वापरून बाजूला काढलेले चार टायर आम्हाला प्रेमाने दिले होते. हे भले रुंद, गुळगुळीत, खास शर्यतीचे. ते लावल्यावर गाडी अशी दिसायला लागली की मी घरून कॅमेरा आणला. रुंद टायर म्हणजे रस्त्यावर जास्त रबर आणि जास्त रबर म्हणजे जास्त पकड, इतकं तर कुणालाही कळतं, असं आम्ही काकांना सांगितलं.

काकांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "सुंदर. वरातीला द्या."

"म्हणजे?"

"काकूंची चप्पल घाला."

मी घातली. काकूंचा पाय माझ्यापेक्षा मोठा होता, म्हणजे अंगठ्यापुढे बोटभर जागा उरली.

"आता पळा. पेरूपर्यंत. आणि पेरूला वळसा घाला."

मी पळालो आणि वळसा घालताना चप्पल एका दिशेला, मी दुसऱ्या दिशेला गेलो. काकूंनी खिडकीतून विचारलं की हे काय चाललंय. "शिक्षण," काका म्हणाले.

पण आम्ही पुण्याचे. पटलं तरी लगेच कबूल करायचं नाही, एवढं आम्हाला येत होतं. तेव्हा काकांनी गाडी वजनाला नेली. जवळच्या लाकडाच्या वखारीत फळ्यांचा एक मोठा काटा होता. काकांनी गाडीचं एक चाक काट्यावर चढवलं, बाकीच्या तीन चाकांखाली काट्याच्याच उंचीच्या ओंडक्यांचे तुकडे ठेवले, मला खुर्चीत बसवलं आणि वजन लिहून घेतलं. मग दुसरं चाक, मग तिसरं, मग चौथं. अख्खी सकाळ गेली. वखारीचा मालक पिढीजात तिथलाच शेतकरी. तो म्हणाला, "काका, गाडी विकत हाय का सरपणाला?"

"अजून ठरलं नाही," काका म्हणाले. "दिवाळीनंतर सांगतो."

मला धरून गाडी चारशे तीस किलो भरली. त्या गृहस्थांची मोटार आमच्या दुपटीहून जड होती. पुढच्या रविवारी आम्ही शहराबाहेरच्या विमानांच्या एका जुन्या, बंद पडलेल्या धावपट्टीवर गेलो, जिथे शर्यत होणार होती आणि जिथे स्पर्धकांना सरावाला सोडत. मी रुंद टायरांवर आठ फेऱ्या मारल्या. प्रत्येक वळणावर गाडी अशी सरकायची की जणू फरशीवर कुणी साबण सांडलाय. मी थांबलो तसे काका सुई घेऊन धावत आले. टायरच्या आतल्या कडेला एकदा, मधे एकदा, बाहेरच्या कडेला एकदा. मग त्यांनी तीच सुई धावपट्टीच्या भेगेतल्या डांबरात खुपसली.

"रस्ता टायरपेक्षा जास्त तापलाय," ते म्हणाले. "आठ फेऱ्यांत आपण केलं त्याहून जास्त काम सूर्याने केलं."

मग त्यांनी आम्हाला जे सांगितलं ते मी अजून विसरलो नाही. शर्यतीच्या टायरचं रबर तापल्याशिवाय चिकटत नाही. ते तापतं गाडीच्या वजनाने आणि वळणावरच्या ओढीने. जड गाडीचं रबर टणक असतं, कारण तिच्याकडे त्याला तापवायला वजन आहे. तेच रबर हलक्या गाडीला लावलं तर ते थंडच राहणार, आणि रुंद लावलं तर होतं तेवढं वजनही पसरून जाणार. हलकीला अरुंद हवं आणि मऊ हवं. "तवा मोठा आणि जाळ एक काडीचा," ते म्हणाले. "मग भाकरीला नावं ठेवायची."

मऊ आणि अरुंद टायर बाजारात मिळत नव्हते. म्हणून काका आम्हाला भवानी पेठेत रशीदभाईंकडे घेऊन गेले. रशीदभाईंचं तीन पिढ्यांचं दुकान होतं. झिजून गोटा झालेल्या टायरवर नवं रबर चढवून, साच्यात भाजून द्यायचं. कारखान्याच्या दिवसांपासून दोघांची ओळख होती आणि बोलण्याची पद्धत अशी होती की बाहेरच्याला वाटावं हाणामारी होणार.

"या साहेब. आज काय फाडायला आणलंय?"

"फाडायला नाही. चढवायला. छोट्या मोटारीचे चार बाद टायर घ्या, आतून धडधाकट असतील असे. त्यावर हे चढवा." काकांनी कागद पुढे केला. त्यावर रबराची कृती होती. किती रबर, किती काजळी, किती तेल, किती गंधक.

रशीदभाईंनी कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला. "साहेब, हे टायर आहे की शिरा?"

"शिराच करा."

"किती दिवस टिकावं असं म्हणणं आहे?"

"दिवस नाही. बारा फेऱ्या."

रशीदभाई हसले नाहीत. त्यांनी हातातला टायर खाली ठेवला. "चाळीस वर्षं मी लोकांना सांगतोय, माझा टायर वर्षभर जातो. तुम्ही मला असा टायर करायला सांगताय जो जेवणाच्या वेळेपर्यंत संपेल."

"संपायलाच हवा. रस्त्यावर स्वतःला ठेवून येईल तोच टायर गाडी धरेल."

पहिला संच खरोखरच शिरा झाला. सरावात सहाव्या फेरीला टायरच्या शेवया निघायला लागल्या. काकांनी त्या गोळा करून कागदाच्या पुडीत बांधून रशीदभाईंकडे नेल्या. "तूप जास्त झालं," एवढंच म्हणाले. दुसऱ्या संचात तेल कमी केलं, आणि मागच्या चाकांवर इंजिनाचा भार होता म्हणून तिथे रबर किंचित टणक घेतलं. पाच फेऱ्यांनंतर सुई खुपसली तेव्हा आत, मधे आणि बाहेर, तिन्ही ठिकाणी जवळजवळ सारखी निघाली. काकांनी मला सुई दाखवली, मग सुधीरला दाखवली, मग पुन्हा मला दाखवली. मग एका बाजूला जाऊन धावपट्टीकडे पाठ करून नाक शिंकरलं. वळणावर गाडी आता अशी वळत होती की माझी मान मागे राहायची. शर्यतीसाठी तशाच रबराचे चार नवे टायर रशीदभाईंनी भाजून दिले. दुकानाचा शिक्का मात्र मारला नाही. "माझं नाव नको," ते म्हणाले. "बारा फेऱ्यांचा टायर दिला म्हणून लोक नातवापर्यंत बोलतील."

शर्यतीच्या दिवशी पहाटे गाडी टेम्पोत चढवली. काकूही निघाल्या. एका पिशवीत स्टोव्ह, एकात कढई, एकात कांदे आणि एका डब्यात तीन किलो बेसन, कारण मैदानावर पोरं उपाशी राहतील. त्या शेड जिंकायला निघाल्यात की आम्हाला जिंकवायला, ते आम्हाला कळेना. मी तसं विचारलं.

"शेड माझी होईलच," त्या म्हणाल्या. "म्हणून गाडीचं वाईट चिंतायचं का? काल रात्री हळद-कुंकू वाहिलंय मी तिला."

हे ऐकायला बरं वाटलं. आणखी काय वाहिलंय, ते आम्ही विचारलं नाही.

छोट्या इंजिनांच्या अकरा गाड्या होत्या. कोण कुठे उभं राहणार ते ठरवायला सकाळी प्रत्येकाने एकेक फेरी वेळ लावून मारायची. माझी पाळी आली. पहिल्या वळणावर मी आत्मविश्वासाने चाक वळवलं आणि गाडीने स्वतःभोवती तीन गिरक्या घेतल्या. मला अनुक्रमे धावपट्टी, टेकडी, काकूंचा स्टोव्ह, पुन्हा धावपट्टी, पुन्हा टेकडी दिसली. मी रांगत रांगत परत आलो. सगळ्यात शेवटचा, अकरावा.

काकांनी सुई काढली. मग खिशात परत ठेवली. गुडघ्यावर बसून नाक टायरला लावलं. बराच वेळ लावून ठेवलं. मग मागे न बघता विचारलं, "खोबरेल कुणी लावलं?"

कढईत तेल तेवढं चुरचुरत होतं.

"किती कोरडे ठणठणीत दिसत होते," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "नवे टायर, पहिल्यांदा बाहेर निघालेत. वाटलं, जरा उजळतील. वाटीभरच लावलं. चारींना पुरवून."

मी काकांकडे बघितलं. दोन महिने त्या माणसाने रबरात किती तेल घालायचं यासाठी चमचे मोजले होते. आता ते ओरडतील असं मला वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना ओरडायला इतकं चोख कारण मिळालं होतं. ते उठले, गुडघे झटकले आणि काकूंना विचारलं, "दिवाळीला अंगाचं तेल कशाने काढतेस?"

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग बेसनाच्या डब्याकडे पाहिलं.

पुढचा अर्धा तास त्या मैदानावर जे चाललं होतं ते मी आता सांगतो तेव्हा लोकांना खोटं वाटतं. गाडी ठोकळ्यांवर चढवलेली. चार चाकांना चौघं. सुधीर एका चाकाला, मी एका, काका एका आणि काकू पदर खोचून चौथ्या चाकाला. कोरडं बेसन मुठीने चोळायचं, गोणपाटाने खसाखसा पुसायचं, पुन्हा बेसन. काकू आमच्या चाकांकडे बघून सूचना देत होत्या. "नुसतं वरवर नको. कानामागे लावतात तसं कडेला लाव." पलीकडच्या गाडीवाल्यांनी काम थांबवून आमच्याकडे तोंड केलं होतं. एकाने येऊन विचारलं, "हे कशासाठी?"

"उजळतं," काका म्हणाले.

डबा रिकामा झाला. काका मला म्हणाले, "वरचं बेसनाने गेलं. आत मुरलेलं रस्ता काढेल. पहिल्या दोन फेऱ्या आजीला रस्ता ओलांडून देताय असं चालवा. तिसरीपासून आपली मर्जी." मग थोडं थांबून, "दहा फेऱ्या आहेत. सकाळची एक वाया गेली. टायर पुरतील. पण टाच टेकवा. आपण टाच टेकवत नाही."

दोन फेऱ्या मी सगळ्यांच्या मागून, मान खाली घालून चाललो. तिसऱ्या फेरीत मला वास यायला लागला. प्रथम वाटलं, काकूंनी घाणा घातला. पण मी काकूंपासून अर्धा मैल लांब होतो. रबर तापलं होतं आणि त्याच्या कडांना राहिलेलं बेसन खोबरेलात खरपूस भाजायला लागलं होतं. माझ्या चारही चाकांना भजी तळली जात होती. आणि गाडीने रस्ता धरला. पुढच्या वळणावर मी एकाला मागे टाकलं, त्याच्या पुढच्यावर आणखी एकाला. जड गाड्यांच्या मधून मी असा निघत होतो, जशी लक्ष्मी रोडच्या गर्दीतून सायकल. ज्याच्या ज्याच्या जवळून गेलो तो तो क्षणभर इकडे तिकडे बघायचा. नंतर एकाने मला सांगितलं की शेवटच्या फेऱ्यांत त्याचं लक्षच लागेना, इतकी भूक लागली.

शेवटच्या फेरीला माझ्यापुढे तिघं होते. तिसरा माझ्या नाकासमोर होता. शेवटच्या वळणावर मी त्याच्या बाजूला पोचलो, आमची पुढची चाकं जोडीला आली, आणि सरळ रस्त्यावर त्याचं इंजिन माझ्यापेक्षा मोठं निघालं. तो एका गाडीच्या लांबीने पुढे गेला.

मी चौथा आलो. अकराव्यावरून चौथा. सुधीरने मला खुर्चीतून उचलून काढलं. टायरांवर काडीभर रबर शिल्लक होतं. काकांनी सुई खुपसली. आत, मधे, बाहेर, तिन्हीकडे सारखी. त्यांनी समाधानाने मान हलवली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशातून शेडची किल्ली काढून काकूंपुढे धरली.

परतीच्या टेम्पोत जे भांडण झालं तसं मी पुन्हा कधी ऐकलं नाही. आम्ही दोघं मधे बसलो होतो.

"पहिले तीन म्हणालो होतो. चौथी आली. घे."

"मला नको. तेल मी लावलं होतं."

"पैजेत तेलाचा उल्लेख नव्हता."

"तेल नसतं तर पहिली आली असती गाडी."

"हे तुला काय माहीत? तुला रबरातलं काय कळतं?"

"तुम्हाला कळतं ना? मग तुम्ही सांगा. आली असती की नाही?"

काकांनी खिशातली सुई चाचपली. ते रबराच्या बाबतीत खोटं बोलू शकत नसत. "तिसरी आली असती," ते शेवटी म्हणाले. "कदाचित दुसरी."

"मग ठेवा ती किल्ली खिशात."

"ठेवणार नाही. शब्द म्हणजे शब्द."

चार वर्षं जो माणूस ती शेड सोडत नव्हता तो आता ती घ्या म्हणून हटून बसला होता, आणि चार वर्षं जिला ती हवी होती ती हात मागे बांधून बसली होती. किल्ली शेवटी माझ्या मांडीवर पडली आणि कर्वेनगर येईपर्यंत तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो तर शेड उघडी होती. जमिनीवर मधोमध खडूची जाड रेघ. काकू रेघेच्या अलीकडे उभ्या होत्या. "हे माझं. पलीकडचं तुमचं. आता मला सांगा, कांडपाच्या यंत्राला पट्टा कुठला घ्यायचा?"

काकांचा चेहरा जो फुलला तो मला अजून दिसतो. त्यांनी बुधवार पेठेतल्या दुकानात अकरा पट्टे हुंगून बघितले, त्यातल्या तीन पट्ट्यांना नख लावलं आणि दुकानदाराला त्याच्याच बुटांबद्दल काही तरी सांगून आले. यंत्र बसलं. आमची दुसरी गाडी आम्ही त्याच शेडमध्ये, शिंकत शिंकत बांधली. तिच्या रंगात संकेश्वरी मिरचीचा बारीक कण कायमचा बसला. तिसऱ्या शर्यतीत आम्ही दुसरे आलो, पण ती गोष्ट भज्यांशिवायची आहे आणि म्हणून कुणी ऐकत नाही.

काका जाऊन आता सात-आठ वर्षं झाली. मागच्या महिन्यात मी काकूंना भेटायला गेलो. आसपास शेत शोधून सापडत नाही, पण शेड आहे, आणि यंत्राचा आवाज फाटकापासून ऐकू येतो. खडूची रेघ आता सिमेंटची आहे. पलीकडच्या अर्ध्यात काकू कुणाला सामान ठेवू देत नाहीत. तिथे भिंतीला चार टायर टांगलेत, ज्यांवर कुणाचाच शिक्का नाही.

काकूंनी भजी केली. मी आता ब्याऐंशी किलोंचा आहे. त्यांनी दुसऱ्यांदा वाढलं, तिसऱ्यांदा वाढलं, आणि परत न्यायला कुणी नव्हतं म्हणून मी सगळं संपवलं. निघताना बाहेर आलो तर माझे बूट दारात उलटे पडलेले.

मी ते सुलटे करायला वाकलो.

"राहू दे तसेच," काकू मागून म्हणाल्या. "टाच टेकवायला लागलास की. बरं झालं. पण आता डाव्या अंगाला जास्त झिजतोयस."

"काकू, उलटे राहिले तर घरात भांडणं होतात ना?"

"तेच बघतेय," त्या म्हणाल्या. "सकाळपासून माझीही एक चप्पल उलटी ठेवलीय. अजून तरी कुणी भांडायला आलेलं नाही."